साबणाच्या दाढा

६ एप्रिल, सोमवार

लिही, आणि मी सांगते तसंच लिही. शाळेतलं निबंधाचं मराठी मध्ये घुसडलंस तर मला कळेल. अक्षर ओळखता येत नसलं तरी वाचून दाखवताना माझं बोलणं मला ओळखता येतं.

तर ही माझी रोजनिशी. मला लिहिता येत नाही आणि नातीला सध्या काम नाही, म्हणून आमची जोडी जमली. शनिवारी तिचा बारावीचा शेवटचा पेपर झाला. तेव्हापासून या खोलीतून त्या खोलीत तिची नुसती फेरी चालू आहे. लहानपणीही अशीच होती, म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. तिला एका जागी बसवायचं तर हातात पेन द्यावं, एवढा एकच उपाय मला सुचला.

आजची बातमी अशी, की माझा लेक संध्याकाळी काखेत पाटी मारून घरी आला. लेक करसल्लागार आहे, लोकांचे कर भरून देतो, समोरच्या रस्त्यावर त्याचं ऑफिस आहे. पाटीवर वरती त्याचं नाव आणि खाली ताज्या रंगात, म्हणे, ‘आणि कन्या’.

सूनबाईंनी पाटी वाचली आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. "रंगाऱ्याला विचारलंत. कन्येला विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय? गणित चांगलं आहे, ऑफिस तयार आहे, बांधलेली गिऱ्हाइकं आहेत. लोकांना टेकायला खुर्ची मिळत नाही, हिला खोलीसकट मिळते आहे."

भिंगरी म्हणाली, "रंग छान आहे, बाबा."

जेवायला बसलेला माणूस ‘ताट छान आहे’ म्हणाला, की समजावं भाजी बिघडली आहे. एवढं मला या वयात कळतं. लेकाला कळलं नाही. तो पाटी पुसत बसला.

९ एप्रिल, गुरुवार

घरात अबोला नाही, पण बोलणंही नाही. शेवटी मीच विषय काढला.

"भिंगरे, तुला काय व्हायचंय?"

"माहीत नाही, आजी."

"मग काय नाही व्हायचं ते सांग. तेवढं तरी माहीत असेल."

"बाबांसारखं दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर खुणा नाही करायच्या."

बघा, हे लिहिताना हिचं पेन अडखळलं. अडखळू नकोस. तो ही वही वाचायला येत नाही.

पण खरं सांगायचं तर मलाही हिची खात्री नाही. गिटार आणली, बोटं दुखली, सोडली. पोहायला गेली, केस खराब होतात म्हणून सोडलं. सायकली दुरुस्त करायला शिकली आणि आमची एकुलती एक सायकल अजून गच्चीवर सुटी होऊन पडली आहे. भिंगरी फिरत असते तोवरच उभी राहते. आयुष्यभराचं काम कुठल्या जोरावर निवडणार, याचा मला घोर आहे. तोंड वाकडं करून का होईना, लिहिलंस हे बरं केलंस.

मार्ग सूनबाईंनी काढला. त्या औषधांच्या दुकानात काम करतात, कमी बोलतात आणि चिठ्ठीवर लिहिल्यासारखं नेमकं बोलतात. म्हणाल्या, "घरात बसून कुणाला काही कळत नाही. हिला चार ठिकाणी जाऊन उभं राहू दे. लोक काम करतात ते बघू दे."

मी म्हटलं, "बरोबर आहे. साधं भांडं घेताना आपण वाजवून घेतो."

लेक तयार झाला. "निकाल लागेपर्यंत काय वाजवायचं ते वाजवून घ्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी हिने ऑफिसात यायचं आणि माझ्याच विषयाच्या कॉलेजात नाव घालायचं."

एकदाचं ठरलं.

१६ एप्रिल, गुरुवार

वाजवणं जोरात चालू आहे. आधी बापाच्या ऑफिसात गेली. सगळे रबरी शिक्के उंचीप्रमाणे ओळीने लावून आली आणि बाप खूश झाला. मला त्यात खूश होण्यासारखं दिसलं नाही. काम नसलेला माणूस शिक्के लावतो.

मग आईच्या दुकानात. प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘आता बरं वाटतंय का’ असं विचारत बसली. रांग दाराबाहेर गेली, मालकांनी गोड शब्दांत घरी पाठवली.

काल खालच्या मजल्यावरच्या नकाशेवाल्याकडे गेली. तो घरांचे नकाशे काढतो. त्याने हिला पुठ्ठ्याचं एक छोटं घर पुरं करायला दिलं. हिने त्याचा जिना केला, नखाएवढ्या पायऱ्या, एकाला एक लागून. जेवायला हाक मारली तर आली नाही. मला वाटलं, चला, लागलं मन. पण परत आली ती हिरमुसून. नकाशेवाला म्हणाला होता की असं पुठ्ठ्याचं आता कुणी करत नाही, तो स्वतः दिवसभर पडद्यापुढे असतो.

मी विचारलं, "तुला घर आवडलं की जिना?"

"जिना."

आता जिन्याची पदवी कुठे मिळते ते मला माहीत नाही. मी छत्र्यांच्या कारखान्यात काड्यांना कापड टाचायचे. मला कुणी विचारलं नव्हतं, बाई, तुला कापड आवडतं की काडी.

२१ एप्रिल, मंगळवार

आज माझे दात एकटेच फिरायला गेले.

खालची कवळी हिरडीला टोचत होती. दातांच्या डॉक्टरांनी बघितली आणि म्हणाले, घासून आणावी लागेल, पण आज न्यायला माणूस नाही. भिंगरी लगेच पुढे झाली. डबीत माझे दात घातले आणि गेली. तासाभरात येते म्हणाली. मी दुधात पाव बुडवून वाट पाहत बसले. चणे आहेत तर दात नाहीत असं म्हणतात, माझे दात गावभर होते आणि चणे समोर.

दिवेलागणीला आली. कोपरापर्यंत पांढरी भुकटी, केसांतही. मी ओरडायला तोंड उघडलं तर म्हणाली, "तसंच ठेव, आजी, तसंच," आणि आत डोकावून बघायला लागली. नातीने माझ्याकडे इतक्या प्रेमाने आजवर बघितलं नव्हतं.

"तुला माहीत आहे का, हे दात एका बाईने बनवलेत?"

"डॉक्टरांनी ना?"

"डॉक्टर माप घेतात. बनवते ती. मागच्या गल्लीतल्या तिच्या खोलीत. आधी मेणात एकेक दात बसवते, मग साचा, मग घासणं. आजी, प्रत्येक दात वेगळा असतो. डावा सुळा आणि उजवा सुळासुद्धा सारखे नसतात."

असं बराच वेळ. मी घासून आणलेल्या दातांनी जेवत होते आणि ही माझ्या घासाकडे बघत होती. कुणी आपल्या घासाकडे बघावं हे मला आवडत नाही, पण आज बघू दिलं.

२५ एप्रिल, शनिवार

ही रोज तिकडे जाते. आईला माहीत आहे, बापाला ‘अजून वाजवते आहे’ एवढंच माहीत आहे. म्हणून आज मी स्वतः बघायला गेले.

एका गल्लीच्या टोकाला लांबट खोली. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. इतके लोक एकाच वेळी तोंड उघडून बसलेले आणि एकही बोलत नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. खिडकीशी उंच स्टुलावर एक जाडसर बाई, कपाळावर भिंग, हातात तापवलेली बारीक सुरी. ती कवळीवाली. शेजारच्या स्टुलावर आमची भिंगरी.

कवळीवालीने मला खुर्ची दिली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आजी, तुम्ही माझ्या ओळखीच्या आहात. तुमचे खालचे दात मीच केलेत, वरचे आधीच्या कुणीतरी."

"माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात हो."

"तो मला दिसत नाही. माझ्याकडे डबी येते."

भिंगरीने मेणात सहा दात लावून दाखवले. सरळ, पांढरे, मोत्यांची माळ जशी. मला फार आवडले. कवळीवालीने बघितले आणि म्हणाली, "हे जाहिरातीतले आहेत. हे दात लावून माणूस जेवायला बसला तर घरचे दचकतील. काढ."

मला वाटलं, आता हिची गिटार होणार. पण हिने सुरी तापवली, सहाही दात काढले आणि पुन्हा लावायला घेतले. या वेळी एक किंचित फिरवला, एक जरा आखूड ठेवला. मी निघेपर्यंत मान वर केली नाही.

येताना कवळीवाली दारापर्यंत आली. म्हणाली, "या कामाची एक संस्था आहे दुसऱ्या शहरात. दोन वर्षं शिकवतात. जागा थोड्या आहेत. निवड करताना साबणाची वडी हातात देतात आणि सांगतात, यातून दाढ कोरा."

साबणाची दाढ. मी रस्ताभर हसत आले. घरी येऊन भिंगरीकडे बघितलं तर ती हसत नव्हती.

३० एप्रिल, गुरुवार

न्हाणीघरात साबण टिकत नाही. काल मी अंघोळीला गेले तर वडीच्या जागी दाढ, मुळांसकट. तिनेच अंग घासलं. फेस चांगला येतो, मुळं तेवढी टोचतात.

दुसरी तक्रार या लिहिणाऱ्या बाईची. आठवडाभर झाला, हिला एक वाक्य चारदा सांगावं लागतं. मी म्हणते, ‘सूनबाई सकाळीच साडी सावरत दुकानात गेल्या’, तर म्हणते, पुन्हा सांग. सांगितलं तर म्हणते, फक्त ‘सकाळीच’ म्हण. मग ‘शंभर’ म्हण. मग ‘शहाणी’ म्हण. लिहिण्याऐवजी माझ्या ओठांकडे बघत बसते. या वयात हिला ऐकू कमी येतं की काय, अशी मला शंका आहे. सूनबाईंना सांगितलं तर त्या नुसत्या हसल्या. दुकानात कानाचे थेंब असतील, ते आणा म्हटलं.

३ मे, रविवार

आज मी बोलते त्यातलं हिला अर्धंच कळेल. उरलेलं अंदाजाने लिही, पण स्वतःच्या बाजूने लिहू नकोस.

झालं ते असं. काल दुपारी मी झोपले असताना हिने माझी वरची कवळी घेतली आणि पुढच्या दातांच्या मागे मेणाचा पातळ थर लावून बघितला. कशासाठी ते मला अजून नीट समजलेलं नाही. कवळीवाली म्हणाली होती सोमवारी दोघी मिळून बघू. हिला सोमवार लांब वाटला. मेण निघेना, म्हणून हिने कवळी उकळत्या पाण्यात टाकली. कवळी वाकली, वाळलेल्या पानासारखी. तोंडात बसेना, टेकेना.

लेक जेवायला आला आणि आईचं बोळकं बघून उभाच राहिला. मग सगळं बाहेर आलं, गल्ली, जबडे, संस्था, साबण.

"म्हणजे इतके दिवस हे चाललंय?" तो हिला म्हणाला. "दंतवैद्य हो, मी आकाशपाताळ एक करीन. पण दात बनवणारी? आणि तेही आजीच्या तोंडाची वाट लावून? अगं, दात कोरून कुणाचं पोट भरलंय?"

मी म्हटलं, "कोरून नाही, करून भरेल."

पण बोळक्या तोंडाने टोला मारला की त्याची धार जाते. सूनबाई म्हणाल्या, "काय म्हणालात, आई?" मला तो पुन्हा सांगावा लागला. दुसऱ्यांदा सांगितलेला टोला हा टोला राहत नाही, निरोप होतो.

भिंगरी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबर आहे. मी सोमवारपासून ऑफिसात येते."

लेकाचं तोंड जिंकल्यासारखं दिसायला हवं होतं. तसं दिसलं नाही. अर्धं जेवण टाकून उठला.

५ मे, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, आजी, शहरात दुसरीकडून आठवड्यात नवे दात करून देतो.

मी म्हटलं, नकोत. ज्या हाताने वाकडे झाले तोच हात सरळ करील. तोवर मी बोळकी राहीन.

लेक म्हणाला, "आई, हट्ट कुणासाठी करतेस? जेवण जात नाही तुला."

"तुझ्या चुकीच्या हिशेबावर सरकारचं पत्र येतं, तेव्हा तू गिऱ्हाइकाला दुसऱ्याकडे पाठवतोस की स्वतः दुरुस्त करतोस?"

हे मी तीनदा सांगितलं. पण त्याला पहिल्यांदाच कळलं होतं, चेहऱ्यावरून दिसलं.

असं ठरलं की दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी कवळीवालीच्या डोळ्यांपुढे आजीचे दात. शिक्षा म्हणून का होईना, ही तिकडे गेली.

एक डाव मनात ठेवूनच मी हट्ट केला, असं सूनबाईंना वाटतं. वाटू दे. भुकेल्या बाईला डाव सुचत नाहीत.

१२ मे, मंगळवार

लेकाचं डोकं ठिकाणावर नाही. ज्या माणसाने जन्मात बाजारातून मीठ आणलं नाही, त्याने परवा साबणाच्या वड्यांचा पुडा आणून न्हाणीघरात ठेवला. पांढऱ्या, बिनवासाच्या, कठीण. म्हणे स्वस्त मिळाल्या. मी म्हटलं, हा टोमणा आहे. पोरीने अंग धुवायचे साबण खराब केले, हे तोंडाने न बोलता तो असं दाखवतो. बापावर गेला आहे.

भिंगरीने त्यातल्या वड्यांना हात लावला नाही. मग काल एक कोरायला घेतली.

ऑफिसातली हकिकत अशी की हिने तिथलं खोडरबर कोरलं. पुढचा दात झाला, म्हणे फार सुबक. लेकाने टेबलावर पाहिला आणि काही न बोलता खणात टाकला. मी हिला म्हटलं, आता तुझ्या पगारातून कापील. तर म्हणाली, "आजी, पगार कुठे आहे?"

आणि काल रात्री जेवताना मध्येच मला विचारतो, "आई, सुळा म्हणजे नेमका कितवा?" मी बोटाने दाखवला. आता हा माझी चेष्टा करतो की काय, माझ्या तोंडात तो राहिलाय कुठे.

१५ मे, शुक्रवार

आज मला जे दिसलं ते भिंगरीला सांगू की नको कळेना, पण लिहिणारी तीच, त्यामुळे प्रश्न मिटला.

मी मेणात लावलेले दात तोंडात घालून बघायला कवळीवालीकडे निघाले होते. गल्लीच्या तोंडाशी पोहोचते तर समोरच्या पायरीवर माझा लेक. बॅग पायाशी, हात मागे, आणि डोळे त्या खिडकीकडे. खिडकीत हिची वाकलेली मान. मी भिंतीआड झाले. म्हटलं, आज हा आत शिरतो आणि हिला हाताला धरून बाहेर काढतो.  पण तो हलला नाही. ऑफिस बंद करायची वेळ टळून गेली तरी हलला नाही. मग बॅग उचलली आणि निघून गेला.

पाळत ठेवतो म्हणजे काय? पोटच्या पोरीवर? मी घरी त्याच्याशी बोलले नाही. त्याने विचारलं, काय झालं, आई. मी म्हटलं, दात नाहीत.

२० मे, बुधवार

निकाल लागला. भिंगरीला चांगले गुण पडले, गणितात तर फारच. सगळे अभिनंदन करायला आले आणि प्रत्येकाने बापाला सांगितलं, पाटी सार्थकी लागली. ही सगळ्यांना हसून पाणी देत होती. मला ते हसू ओळखू आलं. जाहिरातीतलं होतं.

संस्थेत नाव नोंदवायची मुदत गेल्या आठवड्यात संपली, तेव्हाच हिने मला तसं सांगितलं होतं. हे ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला आवडला नव्हता.

लोक गेल्यावर लेकाने चष्मा पुसला. म्हणाला, "शनिवारी मला एका कामाला दुसऱ्या शहरात जायचंय. भिंगरे, तू चल बरोबर. तुझ्या कवळीवाल्या बाईंकडून कोरायच्या सुऱ्या मागून घे, संस्थेच्या बोथट असतात म्हणे."

 भिंगरी म्हणाली, "बाबा, मुदत संपली आहे."

"मुदतीच्या आत काम करणं हा माझा धंदा आहे," लेक म्हणाला. "नाव कधीच नोंदवलं. निवड होईलच असं नाही. नाही झाली तर खुर्ची आहे. उगाच माझ्याकडे बघत बसू नकोस, जाऊन साबण घे."

सूनबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

मी मात्र त्याला सोडलं नाही. विचारलं, "मग त्या पायरीवर काय करत होतास?"

"कुठल्या पायरीवर?" म्हणाला आणि कान लाल झाले. लहानपणीही असेच व्हायचे.

२३ मे, शनिवार

दोघं पहाटेच गेली. आज लिहितात सूनबाई. त्यांचं अक्षर म्हणे औषधाच्या चिठ्ठीसारखं आहे, मला काय.

दिवसभर आम्ही दोघी एकमेकींना धीर देत नव्हतो, कारण एकीने दिला असता तर दुसरी घाबरली आहे हे उघड झालं असतं. सूनबाईंनी एकच कपाट तीनदा आवरलं. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "आई, मला त्या खोडरबराच्या दाताचं नवल वाटतं. तो दात यांच्या खिशात असतो. धुवायला पँट घेतली की निघतो."

मग संध्याकाळी फोन आला. लेक बोलला. "झालं. खूप मुलं होती. हिची दाढ परीक्षकांनी हातात घेतली, उलटी करून बघितली आणि दुसऱ्याला दाखवली." मी विचारलं, मग? "मग काही नाही. एवढंच बघितलं मी काचेतून. पण आई, बाकी कुणाची उलटी करून बघितली नाही."

३० मे, शनिवार

आज दोन गोष्टी झाल्या. आधी लहान सांगते.

भिंगरीची निवड झाली.

आता मोठी. माझे दात आले. कवळीवाली स्वतः डबी घेऊन डॉक्टरांकडे आली होती, भिंगरी तिच्या मागे, नखं चावत. डॉक्टरांनी कवळी बसवली. म्हणाले, काहीतरी बोला, आजी. मला काही सुचेना. आयुष्यभर तोंड चालवलं आणि नेमक्या वेळी कोरी. शेवटी म्हटलं, "सूनबाई सकाळीच साडी सावरत दुकानात गेल्या."

कोपऱ्यात लेक उभा होता. तो एकदम पुढे आला. "आई, परत म्हण."

मी परत म्हटलं.

"हा तुझा आवाज," तो म्हणाला. "मी शाळेत असतानाचा. मधे इतकी वर्षं तुझ्या बोलण्यात शिट्टी असायची. मला वाटलं वयामुळे."

तेव्हा कुठे भिंगरीने सांगितलं. जुन्या कवळीत पुढच्या दातांमागे जागा चुकीची सुटली होती, तिथून हवा जायची. स म्हटलं की शिट्टी, श म्हटलं की जास्त. माझं बोलणं रोज लिहून घेताना हिच्या कानावर ते आलं. माझ्या एवढ्या वर्षांत ते कुठल्या डॉक्टरला ऐकू आलं नाही आणि मला तर नाहीच. ही चारचारदा म्हणायला लावायची ते त्यासाठी. म्हणजे मी समजत होते मी रोजनिशी सांगते आहे आणि ही माझं तोंड तपासत होती. आणि मी हिच्या कानात थेंब घालायला निघाले होते.

कवळीवालीने माझी हनुवटी धरून इकडून तिकडून बघितलं. ती कुणाचं कौतुक करत नाही. म्हणाली, "मागच्या दाढांना अजून पॉलिश हवं होतं." मग डबी बंद करताना म्हणाली, "बाकी मी केले असते तर असेच केले असते."

येताना मी मुद्दाम सगळ्यांशी बोलले. भाजीवाली, पहारेकरी, नकाशेवाला. जो भेटेल त्याला दात दाखवले आणि सांगितलं, नातीने केलेत. कौतुकाची हौस नसलेली बाई मी कधीच नव्हते.

रात्री भिंगरी हळूच म्हणाली, "आजी, मी गेले की तुझी वही?"

"वहीचं काय? लिहिणारे मेले की काय सगळे?"

"तसं नाही. तुला एकटं वाटेल."

"मला नवीन दात आहेत. मला आता कुणी थांबवू शकत नाही. तू आपली जा."

हे शेवटचं वाक्य तिने दोनदा लिहिलं आहे, असं वाटतं. पेनचा आवाज लांबला.

१४ जून, रविवार

आजपासून लेक लिहितो. मीच नेमलं. म्हटलं, पोरीला तू पाठवलंस, तेव्हा तिची खुर्ची रिकामी राहणार नाही हे बघणंही तुझ्याकडे. हा फार सावकाश लिहितो आणि प्रत्येक ओळीखाली रेघ मारतो. मारू नकोस.

भिंगरी गेली त्याला आठवडा होत आला. याच्या तोंडून आता हळूहळू एकेक बाहेर पडतं आहे. हा मे महिन्यात दोनदा त्या संस्थेत जाऊन आला होता, ऑफिसच्या कामाचं नाव सांगून. मुलींच्या वसतिगृहाचे नळ चालतात का ते बघितलं. तिथून शिकून गेलेल्या मुली पुढे काय करतात ते विचारलं. मला म्हणतो, "आई, एकीची स्वतःची लॅब आहे, आणि एक तर शिकवते."

"आणि पायरी?"

"पायरीचं लिहायचं का?"

"लिही."

म्हणतो, तू पाहिलंस त्याच्या आठवडाभर आधी पहिल्यांदा गेलो, तो पोरीला ओढून आणायलाच. खिडकीतून बघितलं तर ती बसली होती. नुसती बसली होती, एका जागी, न हलता, एका दातावर. "आई, जन्मल्यापासून मी हिला अशी बसलेली पाहिली नव्हती. ऑफिसात शेजारी बसायची तेव्हा पाय हलत असायचा. मग माझेच पाय उचलले नाहीत."

काल एक गिऱ्हाईक आलं होतं, म्हातारे गृहस्थ, कर भरायला. त्यांची कवळी बोलताना खाली यायची. याने कागद बाजूला ठेवले आणि त्यांना कवळी म्हणजे काय, मेण म्हणजे काय, साचा म्हणजे काय, सगळं सांगितलं. मध्ये चारदा म्हणाला, माझी मुलगी हे शिकते. गृहस्थ खूश होऊन घरी गेले. कर तसाच राहिला.

"आई, हे गाळू या."

गाळायचं नाही. या वहीत गाळत नाहीत.

आताच तिचा फोन येऊन गेला. फोन याने घेतला आणि मला ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजावर केला. म्हणाली, पहिल्या आठवड्यात कोरलेली दाढ शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर मोडली आणि म्हणाल्या, पुन्हा कर. याचा चेहरा असा झाला की लगेच गाडी पकडून त्या बाईंना जाब विचारील.

"तुला वाईट नाही वाटलं?" याने विचारलं.

"नाही हो, बाबा. मोडली तेव्हा आतून दिसलं, कुठे चुकलं होतं ते. दुसरी केली. ती त्यांनी कपाटात ठेवली, पुढच्या मुलांना दाखवायला."

याने फोन ठेवला, वही पुढे ओढली आणि बसला आहे. काय रे, थांबलास का? लिही की. अक्षर हलतंय तर हलू दे. मला कुठे वाचायचंय.